चंद्रकोरीच्या आकाराचा पुरावा : चुंबकावरणाच्या काठावर चार यानांनी काय पाहिलं

ध्रुवज्योती

१६ ऑक्टोबर २०१५. जागतिक वेळेनुसार दुपारी एक वाजून सात मिनिटं. पृथ्वीच्या चुंबकावरणाच्या, म्हणजे तिच्या चुंबकीय क्षेत्राने व्यापलेल्या प्रदेशाच्या, सूर्याकडच्या काठातून चार यानं पार झाली, एकमेकांपासून जेमतेम दहा किलोमीटरवर. सेकंदाच्या काही अंशांत त्यांनी चुंबकीय पुनर्जोडणीचा गाभा टिपला. त्याची वाट अवकाश-प्लाझ्माचे (विद्युतभारित कणांच्या विरळ वायूचे) अभ्यासक अर्धशतकाहून जास्त काळ पाहत होते. या क्षणाबद्दल मराठीत नीट लिहावं असं फार दिवस मनात होतं, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. सूर्याकडून प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉनचा झोत सतत येत असतो, तो सौरवारा. वेग साधारण सेकंदाला ४०० किमी. सोबत तो सूर्याचं चुंबकीय क्षेत्रही ओढून आणतो. पृथ्वीचं क्षेत्र त्याला अडवतं, आणि सूर्याच्या दिशेला पृथ्वीच्या सुमारे दहा त्रिज्यांवर, म्हणजे साठ-पासष्ट हजार किलोमीटरवर, दोघांचा दाब समसमान होतो. ती सीमा म्हणजे मॅग्नेटोपॉज.

प्लाझ्मा विजेचा इतका उत्तम वाहक असतो की क्षेत्र आणि कण एकमेकांत गोठल्यासारखे एकत्र फिरतात. हे सगळीकडे कायम खरं असतं, तर सौरवारा या सीमेवरून नुसता घसरून गेला असता. पण ध्रुवीय प्रकाश दिसतो, चुंबकीय वादळं होतात. म्हणजे ऊर्जा आत शिरतेच. १९६१ मध्ये जेम्स डंजी यांनी यावर अगदी साधी कल्पना मांडली. पुढच्या बाजूला पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा उत्तरेकडे असते. सौरवाऱ्यातलं क्षेत्र दक्षिणमुखी असेल, तर सीमेवर दोन विरुद्ध दिशांची क्षेत्रं समोरासमोर येतात. तिथे क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात आणि एक टोक पृथ्वीत, दुसरं सौरवाऱ्यात अशा रेषा तयार होतात. सौरवारा त्या मागे, चुंबकावरणाच्या लांब शेपटीकडे ओढून नेतो, तिथे त्या पुन्हा जोडल्या जातात आणि पृथ्वीकडे परततात. ही चुंबकीय पुनर्जोडणी.

१९७७ मध्ये सोडलेल्या आयसी-१ आणि आयसी-२ या जोडयानांना सीमेवर प्लाझ्माचे वेगवान झोत सापडले. गोफणीतून सुटावेत तसे. गोएट्झ पाशमान आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ते प्रसिद्ध केले, आणि डंजींची कल्पना मोजमापावर उभी राहिली.

पण झोत हा परिणाम आहे. रेषा सुटतात ती जागा कुणी पाहिली नव्हती. प्रोटॉन क्षेत्रापासून सुटे होतात ते साधारण सत्तर किलोमीटरच्या पट्ट्यात, आणि इलेक्ट्रॉन सुटे होतात ते त्याच्या आत, अवघ्या दोन-चार किलोमीटरच्या गाभ्यात. शिवाय सीमा स्वतः स्थिर नसते, सेकंदाला काही दहा किलोमीटर वेगाने पुढेमागे होत असते. म्हणजे तो गाभा यानावरून सेकंदाच्या दहाव्या भागात निघून जाणार. आधीची यानं स्वतःभोवती फिरत आकाशाच्या सगळ्या दिशांमधले कण मोजत, आणि एका फेरीला तीन-चार सेकंद लागत. तोवर सगळं संपलेलं असे.

एमएमएस (मॅग्नेटोस्फेरिक मल्टिस्केल) ही नासाची मोहीम नेमक्या याच अडचणीसाठी बांधली गेली. मार्च २०१५ मध्ये चार अष्टकोनी यानं एकाच रॉकेटवर, एकावर एक रचून निघाली. प्रत्येकाच्या चहूबाजूंना कणमापक बसवलेले, त्यामुळे फेरी पूर्ण होण्याची वाट पाहावी लागत नाही. इलेक्ट्रॉनचं संपूर्ण चित्र दर ३० मिलिसेकंदांना मिळतं. चारही यानं एकाच वेळी त्या गाभ्यात होती, आणि चौघांनी इलेक्ट्रॉनच्या वेगांचा जो नकाशा काढला त्यात चंद्रकोर दिसली.

चंद्रकोरीबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो, हा भाग आधीच लांबला आहे.

मंदाकिनी

सुंदर लिहिलंय. "तोवर सगळं संपलेलं असे" इथे अडचण एकदम डोळ्यांसमोर आली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

अक्षांश

लेख आवडला, पण एक दुरुस्ती सुचवतो, आणि ती किरकोळ नाही. "चारही यानं एकाच वेळी त्या गाभ्यात होती" हे तुमच्याच आकड्यांशी जुळत नाही. गाभा दोन-चार किलोमीटरचा आणि यानांमधलं अंतर दहा. मग चौघं एकदम आत कशी मावतील? एखादं आत, दुसरं काठावर, तिसरं अजून बाहेर, असंच असणार. आणि तसं होतं म्हणूनच चार यानांचा उपयोग झाला. सगळी एकाच ठिकाणी असती तर एकच मोजमाप चार वेळा मिळालं असतं.

ध्रुवज्योती

अक्षांश, बरोबर आहे तुमचं. ते वाक्य चुकलं. यानं गाभ्यातून आणि त्याच्या अगदी लगतच्या भागातून वेगवेगळ्या क्षणी गेली, असं वाचावं. मूळ लेखात बदल करत नाही, म्हणजे तुमचा प्रतिसाद संदर्भासकट राहील.

आता चंद्रकोर.

कल्पना करा की एका ठिकाणचे सगळे इलेक्ट्रॉन घेतले आणि प्रत्येकाचा वेग कागदावर ठिपक्याने दाखवला: आडवा वेग आडव्या अक्षावर, उभा उभ्यावर. शांत प्लाझ्मात इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषेभोवती गोल फिरतात. त्यामुळे रेषेला लंब असलेल्या प्रतलात पाहिलं तर ठिपके मध्याभोवती सगळीकडे सारखे पसरतात, गोल चकती दिसते. कुठल्याही एका बाजूला झुकतं माप नसतं. इलेक्ट्रॉन क्षेत्राशी बांधलेले आहेत याचीच ती खूण.

१६ ऑक्टोबरला या चकतीसोबत एका बाजूला कोर दिसली. म्हणजे बरेच इलेक्ट्रॉन ठरावीक वेगाने एकाच दिशेला जात होते आणि उलट दिशेला जाणारे तितके नव्हतेच. असं होण्याचं कारण असं : सीमेच्या बाहेरून आलेला इलेक्ट्रॉन क्षेत्र शून्याजवळ जातं तिथून आत घुसतो, सीमेला लंब असलेलं विद्युत क्षेत्र त्याला ढकलतं, पलीकडे चुंबकीय क्षेत्र पुन्हा बळकट होताच तो वळून माघारी येतो. असा नागमोडी जाणारा इलेक्ट्रॉन पूर्ण वर्तुळ कधी फिरतच नाही. म्हणून वर्तुळाऐवजी कोर. आणि लगेच पुढच्या मोजमापांत ही कोर लंब दिशेकडून क्षेत्राच्या दिशेकडे सरकलेली दिसली. बंद रेषेवर अडकलेले इलेक्ट्रॉन उघड्या रेषेवरून बाहेर निसटू लागले होते.

या कोरीचं भाकीत आधीच झालं होतं. मायकल हेसे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये संगणकावरच्या प्रतिकृतीत ती दाखवली होती, यानं निघण्याच्या आधी. जिम बर्च यांच्या नेतृत्वाखालचा निरीक्षणांचा शोधनिबंध २०१६ मध्ये आला. ते दोन आलेख शेजारी ठेवून पाहिले तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून होतो.

निळी_शाई

मला मुळातच एक शंका आहे. चुंबकीय रेषा ही आपण कागदावर काढलेली गोष्ट आहे. क्षेत्र सलग असतं, रेषा किती काढायच्या ते आपण ठरवतो. मग जी वस्तूच नाही ती "तुटते" आणि "जोडली जाते" असं कसं म्हणायचं? समोच्चरेषा तुटली म्हणून डोंगर फुटत नाही.

घनरेषा

समोच्चरेषेची उपमा चपखल आहे. आणि ही शंका घेणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. हान्स आल्फवेन यांना १९७० चं भौतिकशास्त्राचं नोबेल याच विषयासाठी, चुंबकीय द्रवगतिकीसाठी, मिळालं. क्षेत्र प्लाझ्मात गोठलेलं असतं ही कल्पना त्यांचीच. आणि नंतर तेच या कल्पनेच्या सरसकट वापरावर कडाडून टीका करत राहिले. रेषा तुटतात-जुळतात ही भाषाच दिशाभूल करते, खरे विद्युत प्रवाह आणि विद्युत क्षेत्रं बघा, असा त्यांचा आग्रह होता.

ध्रुवज्योती

निळी_शाई, शंका रास्त आहे आणि तिला बगल देता येणार नाही. मी ती अशी सोडवतो.

गोठलेली अवस्था असते तेव्हा "हा कण आणि तो कण एकाच रेषेवर आहेत" या विधानाला अर्थ असतो, कारण ते आज एका रेषेवर असतील तर उद्याही असतात. रेषेला तेवढ्यापुरती ओळख मिळते. पुनर्जोडणी म्हणजे ही ओळख जिथे टिकत नाही ती जागा. आधी एकाच रेषेवर असलेले दोन कण नंतर एका रेषेवर राहत नाहीत. "तुटणं" हा त्याचा संक्षेप.

आणि यानं रेषा मोजतच नाहीत. ती क्षेत्राचे तीन घटक, विद्युत क्षेत्र आणि कणांचे वेग मोजतात. आल्फवेन जे बघा म्हणत होते, नेमकं तेच एमएमएसने पाहिलं : इलेक्ट्रॉनच्या चौकटीत (म्हणजे त्यांच्यासोबत चालत मोजलं तरी) उरणारं विद्युत क्षेत्र आणि त्यातून वाहणारा प्रवाह. या दोघांचा गुणाकार म्हणजे क्षेत्राकडून कणांकडे जाणारी ऊर्जा, आणि ती त्या गाभ्यात स्पष्ट धन आली. रेषा हा शब्द पूर्ण गाळला तरी हे मोजमाप उभं राहतं.

निळी_शाई

हे पटलं. "ओळख टिकत नाही" हे माझ्या लक्षात राहील. पण मग पुढचा प्रश्न : ओळख टिकू न देणारं काय आहे? साध्या तारेत रोध असतो, इलेक्ट्रॉन अणूंवर आपटतात. इथे तर घन सेंटीमीटरला मोजून दहा-वीस कण. आपटायचं कुणावर?

अक्षांश

या प्रश्नाने पन्नास वर्षं घेतली आहेत. स्वीट आणि पार्कर यांनी १९५७-५८ च्या सुमारास रोधावर आधारलेलं गणित मांडलं. त्यातून येणारा वेग इतका कमी की सौरज्वाला काही मिनिटांत भडकण्याऐवजी महिनोन्‌महिने लागावेत. पेटशेक यांनी १९६४ मध्ये जलद मार्ग सुचवला. प्रत्यक्षात दिसणारा दर आल्फवेन वेगाच्या (प्लाझ्मातल्या चुंबकीय लाटांच्या वेगाच्या) साधारण एक दशांश येतो, आणि तो पृथ्वीजवळ, शेपटीत, प्रतिकृतींत, सगळीकडे जवळपास तितकाच येतो.

टकरी नसताना रोधाची जागा घेतो तो इलेक्ट्रॉनचा दाब. नेहमीचा दाब सगळ्या दिशांना सारखा असतो. पण वर सांगितलेली चंद्रकोर आठवा. वेगांचं वाटप वर्तुळाकार नसलं की दाबही लंगडा होतो, एका दिशेचा संवेग दुसऱ्या दिशेला वाहून नेला जातो. हा असमान दाब जागेनुसार बदलत असेल, तर त्यातून विद्युत क्षेत्र टिकून राहतं. म्हणजे चंद्रकोर ही नुसती खूण नाही, ती यंत्रणेचाच भाग आहे.

आणि "जागेनुसार किती बदलतो" हे काढायला किमान चार बिंदू लागतात, एका सरळ रेषेत किंवा एका प्रतलात नसलेले. म्हणून चार यानं, आणि म्हणून चतुष्फलकाची, म्हणजे त्रिकोणी पायाच्या पिरॅमिडची, रचना.

प्रश्नपत्रिका

चारच का याचं उत्तर कळलं, धन्यवाद. एक भाबडा प्रश्न : एकच यान असतं आणि ते पुरेसं जलद असतं, तर काय बिघडलं असतं?

घनरेषा

भाबडा अजिबात नाही. एका यानाला क्षेत्र बदललेलं दिसतं, पण का बदललं ते कळत नाही. सीमा आपल्यावरून सरकून गेली, की आपण जिथे होतो तिथेच काहीतरी घडलं? एकाच काठावर उभं राहून पूर आला की काठ खचला हे ठरवण्यासारखं आहे. दोन यानं असली की एका दिशेतला वेग कळतो. आयसीची जोडी त्यासाठीच होती. चार असली की सीमेची दिशा, वेग आणि तिच्यातून वाहणारा प्रवाह हे सगळं हाती येतं.

चारची ही कल्पना आधी युरोपच्या क्लस्टर मोहिमेने राबवली. तिची गोष्ट सांगायलाच हवी. ४ जून १९९६ ला पहिल्याच आरियान-५ रॉकेटवरून ती चार यानं निघाली आणि उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत रॉकेटसकट संपली. दिशादर्शनाच्या आज्ञावलीत ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत बसवताना ओसंडली होती. ज्यांनी त्या उपकरणांवर दहा वर्षं घालवली होती, त्यांनी ती पुन्हा बांधली. २००० च्या जुलै आणि ऑगस्टमध्ये बैकानूरहून सोयूझ रॉकेटांनी ती सोडली. नावं रुम्बा, साल्सा, सांबा, टँगो. त्यातलं साल्सा सप्टेंबर २०२४ मध्ये दक्षिण प्रशांत महासागरावर वातावरणात जळालं. दोन वर्षांसाठी बांधलेली मोहीम चोवीस वर्षं चालली. पुनर्जोडणीचा प्रोटॉनच्या मापाचा पट्टा आज आपल्याला बारकाईने माहीत आहे तो मोठ्या प्रमाणात क्लस्टरमुळे.

मंदाकिनी

घनरेषा, हे वाचून घशात आवंढा आला. पुन्हा बांधायला बसणं म्हणजे काय, हे ज्याने एखादं मोठं काम गमावलं आहे त्याला कळेल.

एक प्रश्न माझाही. दर ३० मिलिसेकंदांना चार यानांकडून इतकी माहिती, ती पृथ्वीवर येते कशी? आणि त्या दहा किलोमीटरच्या चतुष्फलकात आपण कुठे आहोत हे यानांना कसं कळतं?

ध्रुवज्योती

सगळी येतच नाही. यानं बारीक माहिती स्वतःजवळ साठवतात आणि आधी फक्त ढोबळ आलेख पाठवतात. ते आलेख माणसं बसून पाहतात, एकेक तुकडा निवडतात, आणि तेवढ्याचीच बारीक माहिती खाली मागवली जाते. उरलेल्यावर नवी माहिती लिहिली जाते. १६ ऑक्टोबरचा तुकडा हा असा निवडलेला आहे. या निवडीत आता संगणकाची मदतही घेतली जाते.

स्थान जीपीएसने कळतं. यानं जीपीएस उपग्रहांच्या कितीतरी वर फिरतात, त्यामुळे पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूच्या उपग्रहांचा कडेने निसटलेला क्षीण संदेश पकडावा लागतो. २०१९ मध्ये त्यांनी १ लाख ८७ हजार किमी उंचीवर जीपीएस वापरून दाखवलं, चंद्राच्या जवळजवळ अर्ध्या वाटेवर. त्यांच्यातलं अंतर एकदा सात किलोमीटरपर्यंत खाली आणलं होतं. प्रत्येक यानाला साठ-साठ मीटर लांब तारा पसरलेल्या आहेत, विद्युत क्षेत्र मोजण्यासाठी, हे लक्षात घेतलं की सात किलोमीटर किती कमी ते जाणवतं.

उत्तरा

उशिरा आले धाग्यावर. फार चांगली चर्चा चालली आहे. ध्रुवज्योती, मूळ लेखात तुम्ही दक्षिणमुखी क्षेत्राबद्दल लिहिलंत ते पृथ्वीपुरतं खरं आहे. गुरू आणि शनी यांच्या चुंबकीय अक्षाची दिशा सध्याच्या पृथ्वीच्या उलट आहे. तिथे समोरासमोर यायला सौरवाऱ्यातलं क्षेत्र उत्तरमुखी हवं. आणि पृथ्वीवरही क्षेत्र उत्तरमुखी असताना पुनर्जोडणी थांबत नाही, ती ध्रुवीय शंकूंच्या (ध्रुवांजवळच्या ज्या जागांतून सौरवाऱ्याचे कण थेट खाली येतात त्यांच्या) मागच्या बाजूला सरकते.

माझं लक्ष मात्र बुधाकडे असतं. त्याचं क्षेत्र पृथ्वीच्या एक टक्क्याच्या आसपास. सीमा पृष्ठभागापासून जेमतेम हजारभर किलोमीटर वर, तीही सरासरी. सूर्याजवळ सौरवाऱ्यातलं चुंबकीय क्षेत्र कणांच्या दाबाच्या मानाने जोरकस असतं, आणि त्यामुळे पुनर्जोडणी सहज होते. मेसेंजर यान ६ ऑक्टोबर २००८ ला बुधाजवळून दुसऱ्यांदा गेलं तेव्हा जेम्स स्लेव्हिन आणि सहकाऱ्यांना ती पृथ्वीपेक्षा सुमारे दहापट जोरात चाललेली दिसली. पुढे कक्षेत गेल्यावर सीमेवर पीळदार चुंबकीय दोर काही सेकंदांच्या अंतराने एकामागून एक सुटताना सापडले. आणि क्षेत्र अगदी विरुद्ध नसतानाही हे घडतं. डंजींचं चक्र पृथ्वीला तासाभराचं, बुधाला दोन मिनिटांचं.

तिथे वातावरण नाही. उघड्या रेषांवरून आत आलेले कण थेट खडकावर आदळतात आणि त्यातले अणू उडवतात. बुधाभोवतीचं सोडियमचं विरळ आवरण काही अंशी यातूनच येतं.

ध्रुवज्योती

उत्तरा, मनापासून आभार. दिशेबद्दलची दुरुस्ती मान्य, आणि बुधाबद्दल स्वतंत्र धागा काढाच.

प्रश्नपत्रिका

शनी आणि गुरूवर पण मग असंच जोरात होत असेल का? त्यांची क्षेत्रं तर प्रचंड.

उत्तरा

उलट. तिथे चुंबकावरण मुख्यतः ग्रहाच्या फिरण्यावर चालतं, दहा-साडेदहा तासांत एक फेरी. सूर्यापासून लांब गेलं की सीमेजवळच्या प्लाझ्माचा दाब क्षेत्राच्या मानाने जास्त असतो, आणि दोन बाजूंच्या दाबात मोठा फरक असला की पुनर्जोडणीची जागा बाजूला वाहून जाते, नीट बसतच नाही. कॅसिनी यानाला शनीच्या सीमेवर ती सापडली आहे, जुनो यानाला गुरूच्या सीमेवर. पण ग्रहाच्या एकूण हिशेबात तिचा वाटा पृथ्वीइतका मोठा दिसत नाही.

अक्षांश

एक गोष्ट राहिली, तीही सांगतो. मॅग्नेटोपॉजच्या बाहेरच्या खळबळत्या प्रदेशात एमएमएसने डिसेंबर २०१६ मध्ये अशी पुनर्जोडणी पकडली जिच्यात फक्त इलेक्ट्रॉनचे झोत होते. प्रोटॉनचे झोत नाहीतच. ताई फान आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलं. विद्युत प्रवाहाचे पापुद्रे इतके लहान की प्रोटॉनना प्रतिसाद द्यायला जागाच मिळत नाही. आयसीच्या काळापासून "प्रोटॉनचा झोत दिसला तर पुनर्जोडणी" ही कसोटी होती. तिच्या चाळणीतून हे सगळे प्रसंग आतापर्यंत गळत होते.

निळी_शाई

म्हणजे खळबळाटात ऊर्जा शेवटी कुठे जिरते, याचं उत्तर इथे असू शकतं?

अक्षांश

काही वाटा नक्की. किती, यावर आत्ता काम चालू आहे. आणि काठावरच्या पुनर्जोडणीबद्दलचा दुसरा उघडा प्रश्न म्हणजे ती सलग चालते की उचक्या दिल्यासारखी. जुलै २०२५ मध्ये सोडलेली, नासाच्या ट्रेसर्स मोहिमेची दोन लहान यानं त्यासाठीच आहेत. ती काठावर जात नाहीत. खाली, ध्रुवीय शंकूतून एकाच वाटेने एकामागोमाग जाण्यासाठी ती बांधली आहेत, मध्ये दहा सेकंदांपासून दोन मिनिटांपर्यंतचं अंतर. वरून गळणाऱ्या प्रोटॉनच्या ऊर्जेत पायऱ्या दिसल्या आणि दुसऱ्या यानाला त्या पायऱ्या सरकलेल्या सापडल्या, तर वरचं काम थांबत-थांबत चाललंय. जिथल्या तिथे सापडल्या, तर सलग चाललंय पण वेगवेगळ्या जागी.

मंदाकिनी

एमएमएसची माहिती सगळ्यांसाठी खुली आहे असं वाचलं, म्हणून काल रात्री १६ ऑक्टोबरचा तुकडा उतरवून घेतला. क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक धनाकडून ऋणाकडे जाताना दिसतो, तो शून्याजवळ येतो तिथे इलेक्ट्रॉनच्या वेगाची रेघ उसळते. चौघांची रेघ एकमेकींवर ठेवली तर तंतोतंत बसत नाही, किंचित मागेपुढे आहे. अक्षांश, तुम्ही पहिल्याच प्रतिसादात म्हणालात ते हेच ना?

अक्षांश

हेच. ते मागेपुढे असणं मोजा, यानांची स्थानं सोबतच्या फाइलमध्ये आहेत. त्यातून सीमेचा वेग निघेल. निघाला की इथे टाका.